आधी विचारा, मग खणा : इरावतीबाई कर्वे आणि आपली खोरी



पौड सोडून ताम्हिणीच्या वाटेला लागलं की एका नजरेत चार थर दिसतात. खाली धरणाचं पाणी. त्याच्या काठानं भातखाचरं. खाचरांच्या वर नाचणी-वरईचे उतार. आणि सगळ्यात वर, जिथं वारा उभं राहू देत नाही, तिथं म्हशी चरणाऱ्या माळावरचे धनगरवाडे. आपण रोज बघतो म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. पण कोणी कुठं राहायचं, कोणी काय पिकवायचं, कोणाची गुरं कुठवर चढायची, हे शेकडो वर्षांत ठरत गेलेलं आहे. माणसाचं आणि डोंगराचं ते नातं आहे.

या चार थरांतला खालचा थर, म्हणजे पाणी, सगळ्यात नवा. १९२१ साली इथं टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे ही नावं तुम्हाला सांगायला नकोत. सत्याग्रह काही वर्षं चालला, शेवटी धरण झालं. मुळेचं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे गेलं. जमिनीच्या मालकांपैकी बरेचजण पुण्याचे सावकार. त्यांचा मोबदल्याचा हिशोब झाला. कसणाऱ्या कुळाचा हिशोब मात्र नीट झाला नाही. त्याची सावड कोणाशी होती, त्याची गुरं कुठल्या माळावर चरत होती, पोरीची सोयरीक कुठल्या गावाला होती, हे त्या वेळी कंपनीनं विचारलं नाही आणि सरकारनंही विचारलं नाही.

हे सगळं विचारायला पाहिजे, आणि विचारलं तर ते शास्त्र ठरतं, हे महाराष्ट्रात ज्यांनी दाखवून दिलं त्या बाईंची ओळख आज करून द्यायची आहे. इरावतीबाई कर्वे. पुष्कळांना त्या 'युगान्त'च्या लेखिका म्हणून ठाऊक असतील. शाळेत त्यांचा एखादा धडाही वाचला असेल. पण बाईंचा खरा उद्योग होता तो गावोगाव हिंडून माणसं मोजण्याचा, त्यांची नाती लिहून घेण्याचा.

नदीचं नाव घेतलेली मुलगी

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या म्यिंज्यान गावचा. वडील करमरकर तिथं कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. त्या मुलखाची मोठी नदी इरावती, तिचंच नाव मुलीला ठेवलं. सातव्या वर्षी मुलीला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत घातलं. पुढं तिला रँग्लर परांजप्यांच्या घरी आसरा मिळाला. त्या घरात पुस्तकं होती, वादविवाद होते, आणि मुलीनं किती शिकावं याला कुंपण नव्हतं.

१९२६ साली त्या फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाल्या. मग मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकल्या आणि १९२८ मध्ये एम. ए. झाल्या. लग्न झालं ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकरराव यांच्याशी. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पुढं फर्ग्युसनचे प्राचार्य झाले.

आता गंमत बघा. ज्या अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांच्या आणि मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलं, त्यांनाही सुनेनं परदेशी शिकायला जावं हे पसंत नव्हतं. दिनकररावांनी मात्र हट्टानं पाठवलं. पैशांची अडचण होती, तेव्हा डॉ. जीवराज मेहता यांनी कर्ज दिलं. हेच जीवराजभाई पुढं गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. अशी उसनवारी करून १९२८ च्या अखेरीला बाई जर्मनीला गेल्या.

बर्लिनमधल्या कवट्या

बर्लिनला त्या ज्यांच्याकडे शिकत होत्या ते प्राध्यापक ऑयगेन फिशर. वंशावरून माणसाची बुद्धी ठरते, असं मानणाऱ्यांपैकी ते होते. पुढं हिटलरच्या राजवटीनं याच विचारांचा आधार घेऊन लाखोंचा संहार केला. बाईंना काम दिलं ते माणसाच्या कवट्या मोजण्याचं. कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते. युरोपातल्या गोऱ्या माणसांत हा फरक वेगळा निघतो का, हे पाहायचं होतं. गुरूची अपेक्षा होती की तो निघावा.

दीडशेच्या आसपास कवट्या बाईंनी मोजल्या. फरक होते, पण ते वंशावर अवलंबून नव्हते. बाईंनी जे मोजलं तेच लिहिलं. परका देश, डोक्यावर कर्ज, पदवी गुरूच्या हातात, आणि निष्कर्ष गुरूच्या मताविरुद्ध. तरी तो बदलला नाही. पदवी मिळाली आणि त्या १९३० च्या सुमारास परत आल्या.

आपण शेतीखात्यातली माणसंही मोजमाप करतो. पीक कापणी प्रयोग करतो. वरून जो आकडा अपेक्षित असतो तो आणि खाचरात निघतो तो, यांत फरक पडला की काय करायचं, हा प्रश्न आमच्यापुढंही येतो. त्या वेळी बर्लिनमधली ही मराठी बाई आठवावी असं मला वाटतं.

एकट्याचं काम नव्हे

परत आल्यावर काही वर्षं बाईंनी मुंबईला महिला विद्यापीठाचं कारभाराचं काम पाहिलं. १९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि शेवटपर्यंत तिथल्याच राहिल्या. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बायकांपैकी त्या एक होत्या. पण त्यांचं खरं चालणं शहराबाहेरचं होतं. मोजपट्टी, वह्या आणि कोरे तक्ते घेऊन त्या खेड्यांत जात. लोकांची उंची, डोकं, नाक मोजत, आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे बसून बोलत. तुमच्याकडे मामाची मुलगी करतात का? कुलदैवत कुठलं? मुलगी कुठल्या गावाला दिली? जेजुरीला जाता का?

या कामात बाईंनी कुठल्याही एका शास्त्राची भिंत मानली नाही. पुराणवस्तूशास्त्राचे ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर त्या गुजरातेत लांघणजला गेल्या. तिथं १९४४ साली दगडाची बारीक हत्यारं वापरणाऱ्या, शिकारीवर जगणाऱ्या फार जुन्या माणसांचे सांगाडे सापडले. अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्राचे वि. म. दांडेकर यांच्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापांचा ग्रंथ १९५१ मध्ये काढला. हेच दांडेकर पुढं देशातल्या दारिद्र्यावरच्या अभ्यासासाठी गाजले. य. भा. दामले यांच्याबरोबर खेड्यातल्या गटांचे परस्परसंबंध, जयंत रानडिवे यांच्याबरोबर फलटण आणि भोवतालच्या गावांची पाहणी, हेमलता आचार्य यांच्याबरोबर आठवडे बाजारांचा अभ्यास, अशी यादी लांबत जाते. प्रत्येक पुस्तकावर नावं दोन.

यात एक शिकण्यासारखं आहे. माणूस आणि जमीन यांचं नातं एका खात्याच्या कपाटात मावत नाही. कृषीवाल्याला बियाणं कळतं, जंगलवाल्याला झाड, पशुवैद्याला म्हैस, महसूलवाल्याला सातबारा. पण खेड्यातला माणूस ही चारही कामं एकाच दिवसात करतो. त्याला समजून घ्यायचं तर चौघांनी एकत्र बसावं लागतं, आणि पाचवा तो स्वतः पाहिजे.

पंढरीच्या वारीलाही बाई पायी गेल्या. एका दिंडीत चालताना त्यांच्या लक्षात आलं की भजन एकत्र होतं, चालणं एकत्र होतं, पण दिंडीतल्या ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी. याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी ते लपवलं नाही, लिहून ठेवलं. भक्ती होती म्हणून डोळे मिटले नाहीत, आणि डोळे उघडे होते म्हणून वारी सोडली नाही.

नाती, जाती आणि डोंगर

१९५३ साली बाईंचा भारतातल्या नातेसंबंधांवरचा मोठा ग्रंथ इंग्रजीत आला. देशात कुठं कुणाशी लग्न चालतं, कुठं चालत नाही, नात्यांना कुठं काय शब्द आहेत, याचा नकाशाच त्यांनी मांडला. उत्तरेकडे जवळच्या नात्यात लग्न टाळतात, दक्षिणेकडे ते पसंत करतात, आणि आपला महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात बसतो. म्हणून आपल्याकडे मामाची मुलगी चालते.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, याचा शेतीशी संबंध काय? संबंध असा, की मावळात लावणीच्या दिवसांत सावड कोणाशी होते ते बघा. भावकी, शेजार आणि सोयरे. आषाढात चार दिवसांत खाचर लावून झालं पाहिजे, मजुरीला पैसा नाही, तेव्हा आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. नातं म्हणजे आमच्या हिशोबात मनुष्यबळाची बँक आहे. गाव उठलं आणि माणसं चार तालुक्यांत विखुरली की जमिनीला जमीन मिळेलही कदाचित, पण ही बँक बुडते.

जातींविषयी बाईंचं मत त्यांच्या गुरूपेक्षा, म्हणजे घुर्ये यांच्यापेक्षा वेगळं होतं. एका मोठ्या जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या, असं घुर्ये मानत. बाईंचं म्हणणं उलट होतं. निरनिराळ्या मुळांचे गट शेजारी शेजारी राहायला आले, एकासारखं काम करू लागले आणि एका नावाखाली मोडू लागले, असं त्या म्हणत. हे तपासायला त्यांनी कैलाश मल्होत्रा या तरुण सहकाऱ्याबरोबर महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण गटांची शरीरमापं आणि रक्तगट तपासले, आणि १९६८ साली ते छापलं. नावानं एक असलेले हे गट मापांनी मात्र बरेच वेगळे निघाले.

धनगरांचंही तसंच. बाहेरून बघणाऱ्याला सगळे धनगर एक वाटतात. पण माणदेशाकडे मेंढरं घेऊन फिरणारे हटकर वेगळे, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर म्हशी राखणारे गवळी धनगर वेगळे. कोरड्या मुलखात मेंढी जगते, घाटमाथ्याच्या पावसात ती टिकत नाही. तिथं म्हैसच पाहिजे. मुलूख बदलला की जनावर बदलतं, आणि जनावर बदललं की माणसाचं राहणं बदलतं.

इरावतीबाईंनी घातलेल्या या वाटेवरून पुढचे लोक चालले. मल्होत्रा तर होतेच. दुसरे माधव गाडगीळ. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगिळांचे हे चिरंजीव, घर कर्व्यांच्या शेजारी. लहानपणापासून बाईंचा सहवास, आणि त्यांचं ऋण गाडगिळांनी नेहमी मान्य केलं. शिकले ते जीवशास्त्र. या दोघांनी मिळून १९७० नंतरच्या काळात घाटमाथ्यावरच्या गवळी धनगरांचा आणि खालच्या कुणब्यांचा अभ्यास केला. त्यात जे दिसलं ते आपल्या मुळशीच्या माणसाला नवीन नाही, पण कागदावर आलं हे महत्त्वाचं. कुणबी खोऱ्यात भात करायचा आणि खालचे उतार कसायचा. गवळी धनगर वरच्या माळावर म्हशी राखायचा. धनगराचं लोणी खाली यायचं, कुणब्याचं धान्य वर जायचं. एकाच डोंगरावर दोघं, पण एकमेकांच्या ताटात हात नाही.

भटक्या शिकारी जमातींतही अशीच वाटणी निघाली. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागं जात. वैदू सापळे लावून मुंगूस आणि रानमांजरासारखी लहान जनावरं धरत. फासेपारधी फास लावून काळवीट आणि पाखरं पकडत. एकाच रानात तिघं फिरले तरी भक्ष्य वेगळं, हत्यार वेगळं. रान संपवायचं नाही, असा काही फलक कोणी लावला नव्हता. पण उद्या आपल्याच पोराला याच रानातून खायचं आहे, हे ज्याला ठाऊक असतं तो हात राखून घेतो.

गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी याच काळात सह्याद्रीतल्या देवराया पालथ्या घातल्या, गावकऱ्यांकडून माहिती घेत. देवाच्या नावानं राखलेला रानाचा तुकडा म्हणजे अडाणीपणा नव्हे, ती गावानं केलेली राखण आहे, हे त्यांनी शास्त्राच्या भाषेत मांडलं. झाडं मोजणारा आणि माणसं मोजणारा एका वाटेवर आले ते असे.

कोयनेच्या काठावर

आता बाईंच्या शेवटच्या वर्षांकडे येऊ, कारण मुळशीकरांसाठी तोच भाग मोठा आहे.

१९६०च्या दशकात कोयनेचं धरण पुरं झालं. शिवसागराचं पाणी साताऱ्याच्या जावळी-पाटणच्या खोऱ्यात चढलं. महाराष्ट्राला वीज मिळाली, कारखाने चालले, आपल्या घरांत दिवे लागले. हे खोटं नाही, आणि बाईंनीही ते नाकारलं नाही. पण ज्यांच्या चुली पाण्याखाली गेल्या ती माणसं कुठं गेली, हे शोधायला त्या निघाल्या. बरोबर त्यांची मुलगी, लेखिका जाई निंबकर. या दोघींनी कोयनेच्या विस्थापितांची पाहणी केली आणि १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजनं ती प्रसिद्ध केली.

साठीच्या घरातली बाई. 'युगान्त' १९६७ साली छापून आलेलं, १९६८ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्याला मिळालेला. आता घरी बसून मानसन्मान घ्यायचे दिवस. त्या वेळी या बाई उठवलेल्या लोकांच्या नव्या वस्त्यांचा हिशोब मांडत होत्या. याआधी काय होतं, आता काय आहे, जमीन मिळाली का, कशी मिळाली, नातलग किती लांब गेले. धरणाच्या भिंतीची उंची इंजिनिअर मोजतो. भिंतीच्या मागं काय बुडालं ते मोजायलाही कोणीतरी लागतं, हे या कामातून महाराष्ट्राला कळायला हवं होतं.

मुळशीत १९२१ ला जे विचारलं गेलं नाही, ते कोयनेत विचारलं गेलं. सुमारे पंचेचाळीस वर्षं लागली त्याला. आणि तेही पाणी भरल्यावर.

११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाई गेल्या. वय ६४.

उणं तेही सांगतो

थोरांचं चरित्र लिहिताना आपल्याकडे फक्त हळद-कुंकू वाहण्याची रीत आहे. बाईंना ती आवडली नसती, कारण त्यांनी महाभारतातल्या भीष्मालाही प्रश्न विचारले.

माणसाचं डोकं-नाक मोजून जातीचा उगम शोधायची पद्धत आज मागं पडली आहे. ज्या युरोपी शास्त्राचा निष्कर्ष बाईंनी बर्लिनमध्ये नाकारला, त्याचीच मोजपट्टी त्या नंतरही वापरत राहिल्या, हा आक्षेप अभ्यासक घेतात आणि तो बरोबर आहे. दुसरं, त्यांचं बरंचसं शास्त्रीय लिखाण इंग्रजीत झालं आणि विद्यापीठात राहिलं. ज्या धनगरानं आपल्या सोयरिकी सांगितल्या, त्याच्या वाड्यावर ते पुस्तक गेलं नाही. आणि तिसरं ते वर आलंच, पाहणी उशिरा झाली. पण हा दोष एकट्या बाईंचा कसा म्हणावा? त्यांना आधी बोलावलं कोणी?

माझी एक चूक

हे सगळं मी कशाला सांगतो आहे, असं वाटलं असेल, तर माझीच एक गोष्ट सांगतो. मी शेतकी पदविका घेतलेला साधा विस्तार अधिकारी. नोकरीची पहिली वर्षं होती. आम्हाला शिकवलेलं, की भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजणं वाईट. झाडांची कवळं तोडली जातात, डोंगर बोडका होतो, धूर होतो, मातीतले जीव मरतात. यातलं काही खोटं नाही. मी एका गावात जाऊन सभा घेतली, राब बंद करा म्हणून सांगितलं आणि पाच-सहा घरांना गादीवाफे करायला लावले. शेणखत घातलं, बी टाकलं. माझा फोटोही निघाला.

पाऊस पडला आणि भाताच्या बरोबरीनं तण उगवलं. इतकं, की रोप कुठलं नि गवत कुठलं कळेना. चिखलात बसून वाफे निंदायची पाळी बायकांवर आली. लावणी लांबली. एका घराला तर दुसऱ्याकडून रोप मागून आणावं लागलं. ज्या आजीचा वाफा सगळ्यात वाईट गेला तिनं मला ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि शांतपणे समजावलं. राब खतासाठी नसतो रे बाबा, म्हणजे फक्त खतासाठी नसतो. जाळानं वरच्या मातीतलं तणाचं बी मरतं, म्हणून पहिले वीस-बावीस दिवस निंदणी लागत नाही. आणि कवळं तोडायचीही रीत आहे. ऐनाची फांदी घ्यायची, बुंध्याला हात लावायचा नाही. यंदा या बाजूची, पुढल्या साली त्या बाजूची. हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. मीही नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी सभा घेतली नाही, ओसरीवर बसलो. आजी, तिच्या दोन सुना, वरच्या वाड्यावरचा एक धनगर, आणि मी. राबाला किती कवळं लागतात, किती गोवऱ्या, किती पातेरा, हे मोजलं. त्यातून असं ठरलं की अर्ध्या वाफ्याला राब करायचा पण कवळं कमी करून पातेरा वाढवायचा, आणि अर्ध्याला गिरणीतून आणलेली भाताच्या तुसाची राख मिसळायची. बांधावर गिरिपुष्प लावायचं, म्हणजे पाला घरचा होईल. कुठलाही चमत्कार झाला नाही. राखेच्या वाफ्यातलं रोप टणक निघालं, पण निंदणी एकदा करावीच लागली. आजींनी राब पूर्ण सोडला नाही, निम्मा केला. माझ्या अहवालात ते यश म्हणून बसत नव्हतं. माझ्या मते ते यशच होतं, कारण तो निर्णय आम्ही पाचजणांनी मिळून मोजून घेतला होता.

तेव्हा मला कळलं की इरावतीबाई मोजपट्टी घेऊन ओसरीवर का बसत होत्या.

आता तुमच्या हातात

बंधु-भगिनींनो, आज दोन कायदे तुमच्या बाजूनं आहेत, ते ठाऊक असू द्या. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात, जमीन घेण्याआधी त्याचा लोकांवर काय परिणाम होईल याचा अभ्यास करायची तरतूद आली. इरावतीबाईंनी पाणी भरल्यावर जे केलं, ते आता आधी करायचं. काही प्रकारच्या प्रकल्पांना त्यातून सूटही मिळते, म्हणून आपल्या गावाला सूट लागू आहे की अभ्यास, हे ग्रामसभेत विचारायला विसरू नका. आणि अभ्यास होणार असेल तर त्यात कुळाचं, भूमिहीनाचं, कातकरी वस्तीचं, वरच्या धनगराचं नाव आहे का ते बघा. सातबारा नसलेल्या माणसाचाही डोंगराशी व्यवहार असतो.

दुसरा, २००२ चा जैवविविधता कायदा. त्याप्रमाणे पंचायतीची जैवविविधता समिती असते आणि तिनं गावाची नोंदवही करायची असते. कुठलं भात, कुठलं झाड, कुठली औषधी, कुठली देवराई, कोण काय वापरतं, कोणत्या महिन्यात. पुष्कळ ठिकाणी ही वही कपाटात बंद असते, किंवा बाहेरून कोणीतरी येऊन दोन दिवसांत भरून गेलेलं असतं. ती वही मागा, वाचा. तुमच्या आंबेमोहोराची जुनी वाणं तीत आहेत का? ओढ्यातले मासे कातकरी बायकांना विचारून लिहिलेत का? राबाला कुठली झाडं लागतात ते कोणी नोंदवलं आहे का? नसेल तर वही अपुरी आहे, ती आपण पुरी करायची.

शाळेतली पोरं बरोबर घ्या. त्यांना लिहिता येतं, म्हाताऱ्यांना सांगता येतं. आमच्यासारख्या खात्यातल्या माणसाला बोलवा, पण भाषण द्यायला नको, वही धरायला बोलवा. मुळशीच्या डोंगरावर आता भाताबरोबर बंगले उगवत आहेत, रस्ते रुंद होत आहेत, जमिनीचे भाव ऐकून म्हातारी माणसं गप्प होत आहेत. कोणाची वाट बंद झाली, कोणाचा पाणवठा कुंपणात गेला, हे आज लिहिलं नाही तर पुढं कोणी तरी पंचेचाळीस वर्षांनी शोधायला येईल. तेव्हा सांगायला आजी नसतील.

पावसाळा तोंडावर आहे, लावणीच्या गडबडीत वही होणार नाही. पण सावडीला माणसं जमतील, बांधावर भाकरी सुटेल, तेव्हा एवढं एक करा. वरच्या वाड्यावर आपलं लोणी-धान्याचं देणंघेणं कोणाच्या वेळेपर्यंत होतं, ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि नातवाला लिहून ठेवायला सांगा. वहीचं पहिलं पान तिथून सुरू होईल.